लेगला चुणी पडली की बदलायचाच

पाना-पक्कड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. मी देवरुखला शाळेत शिकवते. आमची हॅचबॅक सात वर्षांची आहे. मागच्या पंधरवड्यात कोल्हापूरला येताना आंबा घाटात वळणावर म्हैस आडवी आली. ह्यांनी गाडी डावीकडे घेतली आणि डावा कोपरा कठड्यावर बसला. वेग फार नव्हता, एअरबॅगही उघडल्या नाहीत. बंपर, डावा दिवा, फेंडर, रेडिएटर गेले. आत बॅटरीखाली जो लांब चौकोनी डबा असतो, ज्याला लेग म्हणतात म्हणे, तो पुढून चेपलाय. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवलं. कंपनीच्या वर्कशॉपने लेग आणि एप्रन (चाकाच्या आतल्या बाजूचा पत्रा) बदलायला सांगितलंय, अंदाज १,०६,००० रुपये. गावातले डेंटर म्हणतात, गॅसवर गरम करून ओढतो, २८,००० द्या. तिसरे एक म्हणतात, भंगारातून दुसऱ्या गाडीचं अख्खं तोंड आणून ४५,००० मध्ये जोडतो. पॉलिसीत झिरो डेप (घसारा न कापण्याची सोय) नाही, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ३,४०,००० आहे. पत्रा सरळ होत असेल तर कापायचा कशाला, असं ह्यांचं म्हणणं. काय करावं? फोटो आणि अंदाजपत्रक सोबत आहे.

उत्तर : बाई (शाळेत बाई, म्हणून मीही बाईच म्हणतो), तुमचे नऊ फोटो पाहिले. आठ बंपरचे आणि दिव्याचे. कामाचा एकच, शेवटचा, आणि त्यात नेमका कोणाचा तरी अंगठा आलाय. पण अंगठ्याच्या वर, बॅटरीच्या तबकाखाली, लेगच्या आतल्या अंगाला एक आडवी रेघ दिसते आणि रेघेवरचा रंग पापुद्र्यासारखा उडालाय. ती चुणी. तिथेच माझं उत्तर ठरलं. लेग बदला.

साहेबांना पोस्टकार्ड घेऊन दाखवा. नुसतं वाकवून सोडलं तर ते बऱ्यापैकी सरळ होतं. घडी घालून उघडलं की मग वरून इस्त्री फिरवा नाहीतर पाटा ठेवा, पुढच्या वेळी ते त्याच घडीवर दुमडणार. पत्र्याचं तसंच आहे. लेग नुसता वाकला असेल, बाक लांबवर पसरलेला असेल, तर बेंचवर (गाडीचं अंग ओढून सरळ करायच्या चौकटीवर) बांधून थंडच ओढून तो जागेवर आणता येतो आणि मी आणतोही. पण थोड्या जागेत घडी पडली, रंग तडकला, कडेचा जोड उकलला, तर तिथला पत्रा ताणून थकलेला असतो. तो सरळ दिसेल, पण पहिल्यासारखा राहणार नाही.

आता लेग म्हणजे काय ते सांगतो, कारण नुसतं 'पत्रा' म्हटल्यामुळेच हा घोळ होतो. तुमच्या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. सगळं अंग मिळूनच चासी. बंपरच्या मागून दोन पोकळ डबे निघतात ते थेट फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि माणसं ह्यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीपर्यंत जातात. हे दोन लेग. इंजिनचं माउंटिंग ह्यांच्या आधाराने, वर एप्रन, एप्रनच्या डोक्यावर शॉकरचा टॉवर. म्हणजे चाक नेमकं कुठे उभं राहणार हेसुद्धा हा पत्राच ठरवतो. आणि समोरून धडक बसली की ह्या दोघांनी नऊवारीच्या निऱ्यांसारखं ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने दुमडत जायचं आणि धक्का स्वतः पिऊन टाकायचा. तुमच्या गुडघ्यांपर्यंत काही येऊ द्यायचं नाही. मर्सिडीजच्या बेला बारेन्यी नावाच्या इंजिनिअरने १९५१ मध्ये ह्या कल्पनेच्या पेटंटचा अर्ज केला आणि १९५९ च्या त्यांच्या गाडीत ती आली. गाडी चुरगळते म्हणजे पत्रा हलका, अशी आपल्याकडे तक्रार असते. अहो, ती चुरगळायलाच केलीय.

एअरबॅग उघडली नाही म्हणजे मार किरकोळ, हा समज मात्र काढून टाका. एअरबॅग धक्क्याची दिशा आणि गाडीचा वेग किती झटक्यात तुटला ते पाहते. कोपरा घासत बसला तर ती गप्प राहू शकते आणि लेग मात्र जायचा तो जातो.

आता गॅसचं. ह्यात मी दुसऱ्या कोणाला नावं ठेवायच्या आधी माझंच सांगतो. मी १९८६ साली कुर्ल्याला पद्मिनी टॅक्सींवर हात बसवला. पद्मिनीलाही वेगळी चासी नव्हती, पण पत्रा साधा आणि मऊ. गॅस लावायचा, लालबुंद करायचा, हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) ह्यांच्या मध्ये धरून सरळ करायचा, थंड झाला की झालं. ती विद्या घेऊन मी कोल्हापुरात उद्यमनगरला शेड टाकली आणि पुढची वीसेक वर्षं येईल त्या गाडीला तेच औषध दिलं. २००९ मध्ये एका सराफांची नवी गाडी आली. अगदी तुमच्यासारखाच डावा लेग. मी लाल करून साखळीने ओढला, लांबी (पुट्टी) भरली, घासून रंग मारला. बोनेटची फट दोन्हीकडे सारखी. सराफ खूश, मीही खूश.

चार महिन्यांनी ते डावा टायर घेऊन आले. आतली कड पार तारांपर्यंत गेलेली. अलाइनमेंट दोनदा केली. अलाइनमेंटवाला पोरगा म्हणाला, "मिस्त्री, टो बसतोय, कॅम्बर बसत नाही, आणि ह्या गाडीत कॅम्बर फिरवायला जागाच नाही." टो म्हणजे चाक वरून पाहिलं तर आत-बाहेर किती वळलंय ते, कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर किती कललंय ते. मग मी लेगवर छोटी हातोडी टकटकवली. पुढे टण्‌, टण्‌, टण्‌, आणि माझ्या कामाच्या जागी भद्‌. रंग खरवडला, लांबी ढलपीने निघाली आणि खाली तीच चुणी, त्याच जागी, पुन्हा दोन बोटं आत गेलेली. मधल्या काळात गाडी कुठेही ठोकलेली नव्हती. इंजिनचा भार आणि रस्त्यातले खड्डे, एवढंच. आजच्या गाड्यांत लेगला उच्च ताकदीचं पोलाद असतं. त्याची ताकद कारखान्यात बेताने तापवून, थंड करून बांधलेली असते, आणि गॅसची ज्योत ती पाच मिनिटांत सोडवते. शिवाय पत्र्याला जस्ताचा मुलामा असेल तर तो जळून जातो. गॅस लावल्यावर पांढरा धूर निघतो ना, तो जस्ताचा. तो हुंगू नये, डोकं धरतं. सराफांना लेग माझ्या खर्चाने बदलून दिला आणि त्या दिवसापासून माझ्या शेडमध्ये लेगवर गॅस नाही.

तिसरा पर्याय, म्हणजे भंगारातलं तोंड. ह्याला नाहीच म्हणा. त्यात फायरवॉलच्या आसपास किंवा काचेच्या खांबात आडवं कापून दोन गाड्यांची एक करतात. त्या दुसऱ्या गाडीला काय झालं होतं म्हणून ती भंगारात गेली, हे कोणी सांगत नाही. आणि बऱ्याच गाड्यांचा चेसिस नंबर फायरवॉलवर कोरलेला असतो. उद्या आरटीओत पासिंगला गेलात आणि नंबराच्या भोवती वेल्डिंग दिसलं, तर मास्तरकीची सगळी पुण्याई खर्ची पडेल. भंगारातून बोनेट घ्या, दार घ्या, पावती घेऊन घ्या. तोंड नको.

राहिले पैसे. तुम्ही १,०६,००० आणि २८,००० हे आकडे शेजारी ठेवून घाबरलात. पण पहिला आकडा तुम्ही भरायचा नाहीच. तुमच्याच अंदाजपत्रकावरून मांडतो. धातूचे भाग ३८,०००. गाडी पाच वर्षांच्या वर आणि दहाच्या आत, म्हणून त्यावर घसारा ४० टक्के, म्हणजे १५,२००. बंपर, जाळी, दिवा हे प्लॅस्टिक २२,०००, त्यावर ५० टक्के, म्हणजे ११,०००. मजुरी रंगासकट ४६,०००. मजुरीवर घसारा नाही, फक्त रंगकामाच्या २०,००० मधला चौथा हिस्सा रंगाचं साहित्य धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे २,५००. शिवाय १५०० सीसीच्या आतल्या गाडीला सक्तीची वजावट १,०००. बेरीज करा : २९,७००. उरलेले ७६,३०० विमा कंपनीचे. काढलेल्या जुन्या भागांच्या भंगाराचे थोडे कापतील, आणि नो क्लेम बोनस जाईल, हे खरं. तरी गॅसवाल्या २८,००० च्या शेजारी आता तुमच्या वाट्याचा हा २९,७०० चा आकडा ठेवून बघा. आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे दुरुस्ती गेली तर गाडी टोटल लॉस धरतात. तुमच्याकडे ती रेषा २,५५,००० वर आहे, म्हणजे ती भीती नाही.

विमा कंपनीने पाठवलेला सर्वेयर (नुकसान तपासणारा) येईल तेव्हा स्वतः तिथे हजर राहा आणि बॅटरी, तबक काढून ती चुणी बोट ठेवून दाखवा. लेग बदलायचा की ओढायचा हे त्याच्या कागदावर ठरतं आणि वरवर बघणारा 'रिपेअर' लिहून मोकळा होतो. गाडी उघडल्यावर आत आणखी काही निघालं तर वर्कशॉपने पुरवणी अंदाज देऊन त्याला पुन्हा बोलवायचं असतं. तोवर नवीन पत्रा लावू द्यायचा नाही.

आणि वर्कशॉप कंपनीचं आहे म्हणून निर्धास्त बसू नका. काम तिथेही माणूसच करतो. पहिलं काम मोजमाप. कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक भोकापासून भोकापर्यंतची अंतरं दिलेली असतात, त्याची छापील प्रत मागा. बेंच नव्हता तेव्हा आम्ही गवंड्याचा ओळंबा वापरायचो. गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) सपाट उभी करायची, दोन्ही लेगच्या टोकांतून आणि मागच्या ठरलेल्या भोकांतून ओळंबे सोडायचे, टोक जिथे स्थिरावेल तिथे फरशीवर खडूने फुली. मग गाडी ढकलून बाजूला करायची आणि फुल्यांमधले दोन तिरके कर्ण टेपने मोजायचे. फरशीवर ते खडूचं चित्र एकदा दिसलं की वाद संपतो. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. सराफांच्या गाडीत अकराचा फरक होता आणि बोनेटची फट सारखी होती! फटीवर जाऊ नका म्हणतो ते ह्यासाठी. फट बिजागरी सरकवूनही जुळवता येते.

जुना लेग काढताना कटर घेऊन कुठेही कापायचा नाही. कारखान्यात तो स्पॉट वेल्डच्या टिपक्यांनी बसवलेला असतो. त्या टिपक्यांवर खास ड्रिल लावून फक्त वरचा पत्रा सोडवतात, खालचा तसाच ठेवतात. मधूनच कापून अर्धा लेग जोडायला काही कंपन्या ठरावीक जागी परवानगी देतात, तीही आत पट्टीचा आधार देऊन. ती जागा पुस्तकात छापलेली असेल तरच. मिस्त्रीच्या मनाने नाही, माझ्याही नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढून थोडा वेळ थांबायचं, म्हणजे एअरबॅगच्या सर्किटमध्ये साठलेला करंट उतरतो. पुढच्या कोपऱ्यात एअरबॅगचा सेन्सर असेल तर तो काढून ठेवायचा, आणि त्याची पट्टी वाकली असेल तर तीही बदलायची.

नवा लेग क्लॅम्पने नुसता धरून आधी पुन्हा मोजायचं. दिवा, फेंडर, बोनेट कोरडंच लावून बघायचं. सगळं बसलं की मग वेल्डिंग, तेही एका टोकापासून सरळ ओळीत न करता एक इथे, एक तिथे, नाहीतर तापून पत्रा पिळतो. मूळचे टिपके जेवढे होते तेवढे तरी हवेत. चांगला वेल्डर आधी रद्दी पत्र्याच्या दोन तुकड्यांवर एक टिपका मारून छिन्नीने सोडवून बघतो. टिपका सुटताना पत्र्याचा लचका घेऊन आला तर वेल्ड पक्का, नुसताच उचकटला तर मशीनची सेटिंग चुकलीय.

शेवटी जोडांच्या आत वेल्डिंगआधीच जस्ताचा प्रायमर, वरून सीलर, आणि रंगानंतर डब्याच्या पोकळीत मेण फवारायचं. हे मेण नव्वद टक्के ठिकाणी विसरतात, कारण ते दिसत नाही. देवरुखच्या पावसात तिसऱ्या वर्षी दिसेल.

एवढं सगळं तुम्ही उभं राहून बघणार नाही, मला माहीत आहे, तुमच्या परीक्षा आल्या असतील. म्हणून वर्कशॉपला एकच सांगा : रंगाला जायच्या आधी फोन करा, मी गाडी उघडी बघायला येणार आहे. बहुतेक काम एवढ्यानेच सुधारतं.

प्रश्न : नाशिकमध्ये २०२० ची एक जुनी कार घेतोय. मालक म्हणतो कधी ठोकलेली नाही. तोंड बदललंय का हे बोनेट उघडून कळेल का?

उत्तर : बरंचसं कळेल, दादा. सकाळच्या उन्हात बघा, संध्याकाळी शोरूमच्या दिव्यात नको. रेडिएटरच्या वरची पट्टी आणि एप्रनची कड ह्यांवर कारखान्याच्या स्पॉट वेल्डचे गोल खळगे असतात, सारख्या अंतरावर, शिस्तीत. एका बाजूला खळगे आणि दुसऱ्या बाजूला घासून गुळगुळीत केलेला पत्रा किंवा उंचवटे दिसले तर ती बाजू उघडली गेलीय. फेंडरच्या आणि बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याची खरचट दिसते का बघा. दोन दिव्यांच्या पाठीवर उत्पादनाची तारीख असेल तर जुळवून बघा. एक २०२० चा आणि दुसरा २०२३ चा असेल तर मधल्या काळात काहीतरी घडलंय. बोनेटखालचे एसीचे, पंख्याचे स्टिकर एका बाजूचेच गायब असतील तर तेही बोलतात.

मग किल्ली फिरवा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागून राहिला तर वाईट. मुळीच लागला नाही तर अधिक वाईट, कारण कोणीतरी तो मारून ठेवलाय.

पण बदललंय म्हणून गाडी सोडू नका. मोजमापाचा कागद आणि बिलं दाखवणाऱ्या माणसाची नीट बदललेल्या लेगची गाडी मी घेईन. 'कधी ठोकलीच नाही' म्हणणाऱ्याची, लांबी भरलेली, नाही घेणार.

प्रश्न : माझ्याकडे शेतावर चासीवाली जीपच्या जातीची गाडी आहे. पुढच्या स्प्रिंगच्या खुराजवळ चासीला तडा गेलाय. वेल्डर म्हणतो चौकोनी पट्टी मारून देतो. चालेल का? (परभणी)

उत्तर : तुमचा मामला वेगळा. तुमच्याकडे शिडीसारखी चासी आहे आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली, त्यामुळे वर लिहिलेलं निम्मं तुम्हाला लागू नाही. तडा भरता येतो, पण चौकोनी पट्टी नको. चौकोनी पट्टीचं वेल्डिंग चासीला काटकोनात आडवं जातं आणि पुढच्या वर्षी तडा त्या वेल्डच्या कडेनेच जातो. पट्टी शंकरपाळ्याच्या आकाराची कापून घ्या, टोकं चासीच्या लांबीच्या दिशेने. तड्याच्या शेवटाला आधी बारीक भोक पाडायला सांगा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तडा घासून भरायचा आणि त्यावर पट्टी. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून ठेवा, नाहीतर अल्टरनेटर जाईल आणि त्याचं खापर वेल्डर तुमच्या नशिबावर फोडेल.

त्याआधी वायर ब्रशने चासी साफ करून नंबर कुठे कोरलाय तो शोधा. नंबराच्या वीतभर आसपास काम येत असेल तर हात लावू देऊ नका, आधी आरटीओत जाऊन विचारा. आणि तडा का गेला तेही बघा. स्प्रिंगची पानं मोडलेली किंवा यू-बोल्ट ढिले असतील तर पट्टी मारून उपयोग नाही. ट्रॉलीत ऊस किती भरता, ते तुम्ही लिहिलेलं नाही.